एक रुपयात तीन चुका

१९९४-९५ च्या सुमारास औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मुकुंदवाडीत आम्ही शाळेत जात होतो. शेजारीच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. आमच्या गल्लीतली बहुतेक मोठी माणसे तिथे पाळीवर जात. शाळा सुटली की आमचे पाय मात्र एका पत्र्याच्या दुकानाकडे वळत. आत लाकडी कपाटासारखे दोन डबे उभे असत. प्रत्येकात एक पडदा, त्याखाली एक दांडी आणि काही बटणे. फटीत रुपया टाकला की खेळ सुरू. सगळ्यांचा लाडका खेळ म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला होता. पण त्यातल्या पिवळी टोपी घातलेल्या गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून आमच्या लेखी अख्खा खेळच मुस्तफा झाला.

आमच्या दुकानात एका रुपयाला तीन ‘लाइफ’ मिळत. तीनदा मेलात की संपले, पुढचा नंबर. ज्यांच्याकडे रुपया नसे ते मागे उभे राहून बघत. आमच्या वर्गातला एक मुलगा असाच कित्येक महिने नुसता बघत उभा होता. कोणता गुंड कोणत्या बाजूने येतो, कुठे उडी मारायची, कुठे थांबायचे हे त्याला पाठ झाले. मग एके दिवशी त्याने स्वतःचा रुपया टाकला आणि थोड्याच दिवसांत एका रुपयात शेवटपर्यंत जाऊ लागला. हाच मुलगा दहावीला गणितात नापास झाला. “याच्या डोक्यात काही शिरत नाही,” असे त्याच्याविषयी म्हटले जाई. ऑक्टोबरच्या परीक्षेला तो बसलाच नाही. एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला.

त्याच्या डोक्यात काय आणि किती शिरत होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. मग एका ठिकाणी शिरत होते ते दुसऱ्या ठिकाणी का शिरले नाही? या प्रश्नाचा थोडा उलगडा आम्हाला पुढे व्हिडिओ गेमचा इतिहास वाचताना झाला. गेल्या पन्नास वर्षांत हे खेळ रंगीत झाले, मोठे झाले, हे सर्वांना दिसते. पण त्यांच्यात आणखी एक बदल झाला आहे. खेळणाऱ्याच्या चुकीकडे बघण्याची त्यांची रीत बदलली आहे. शिक्षकांनी दखल घ्यावी असा बदल खरे तर हाच आहे.

‘लाइफ’ आले कुठून?

पहिल्या खेळांमध्ये ‘लाइफ’ नव्हते. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून एक खेळ तयार केला. ऑसिलोस्कोपच्या छोट्या गोल पडद्यावर एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे उडे. दोघांनी तो टोलवायचा. गुण मोजण्याची सोय नव्हती. चेंडू जाळ्यात अडकला तर पुन्हा टोला मारायचा, एवढेच. त्यासाठी कोणी पैसे घेत नव्हते.

१९७२ मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ हा असाच टेबल टेनिसचा खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात बसवला. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावातल्या एका मद्यगृहात पहिले यंत्र ठेवले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. खेळ बनवणारे ॲलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तर आतला नाण्यांचा डबा गच्च भरून यंत्र अडकले होते!

त्या भरलेल्या डब्यात पुढच्या खेळांचे व्याकरण दडलेले आहे. यंत्राच्या मालकाची कमाई एक माणूस किती वेळ खेळतो यावर नव्हती; तासाभरात किती माणसे नाणे टाकतात यावर होती. म्हणजे खेळणारा लवकर हरला पाहिजे. पण इतकाही लवकर नाही, की तो चिडून पुन्हा फिरकणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो हिशेब बसला तो म्हणजे तीन ‘लाइफ’. अशा बहुतेक यंत्रांत एका नाण्याला किती ‘लाइफ’ द्यायचे आणि खेळ किती अवघड ठेवायचा हे दुकानदाराला ठरवता येई. तीन हा आकडा शिकण्याच्या शास्त्रातून आलेला नव्हता. तो गल्ल्यावरून आला होता.

एक उपकारक अपघात

याच काळात एक चांगली गोष्ट मात्र योगायोगाने सापडली. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बनवला. त्यात वरून ५५ परग्रहवासी रांगांनी खाली सरकत येतात आणि आपण खालून त्यांना टिपतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत. एका चित्रात एकच परग्रहवासी एक पाऊल हलवण्याची व्यवस्था होती. त्यामुळे सगळ्या ५५ जणांचे एक पाऊल पडायला ५५ चित्रे, म्हणजे जवळपास एक सेकंद लागे. निम्मे मारले की अर्धा सेकंद. शेवटचा एकच उरला की तो प्रत्येक चित्राला हले, म्हणजे सैरावैरा धावू लागे.

खेळ आपोआप अवघड होत जातो, ही गोष्ट निशिकादोंना यंत्राच्या मर्यादेतून गवसली आणि त्यांनी ती मुद्दाम तशीच ठेवली. खेळणाऱ्याचा हात जसजसा बसत जातो तसतशी परीक्षा कठीण होत जाते. आपण पाठ्यपुस्तकात स्वाध्याय सोप्याकडून कठिणाकडे रचतो ते याच तत्त्वावर.

खेळ घरात आला

नाण्याची फट नसलेला खेळ आम्ही प्रथम सिडकोतल्या एका मित्राच्या घरी पाहिला. टीव्हीला जोडायचे खोके आणि त्यात घालायच्या ‘कॅसेट’. त्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता. शिगेरू मियामोतो यांनी निंतेंदो कंपनीसाठी १९८५ मध्ये केलेला हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता.

त्याचे पहिले दृश्य शिक्षकांनी एकदा बघावे. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचे उजवीकडे. थोडे पुढे गेले की समोरून एक किडा चालत येतो. काही केले नाही तर आपण मरतो. पण खेळ नुकताच सुरू झालेला असल्याने फारसे काही बुडत नाही. दुसऱ्या खेपेला आपण उडी मारतो. कधी ती डोक्यावरच्या विटेला लागते आणि विटेतून वस्तू बाहेर पडते. एका विटेतून निघालेले अळिंबी पुढच्या नळकांड्याला आपटून परत आपल्याकडेच येते. त्याला घाबरून उडी मारावी, तरी ते बहुतेक वेळा अंगावर येतेच, आणि मारिओ मोठा होतो. अळिंबी चांगले, हे कळले! या सगळ्यात वाचायचा एक शब्द नाही. इंग्रजीची दोन अक्षरे न येणारी आमची मुकुंदवाडीची पोरे हा खेळ पाच मिनिटांत शिकली, ती यामुळे.

दुसरी कॅसेट होती ‘काँट्रा’. हा खेळ भारी अवघड. पण सुरुवातीला वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे आणि मग दोन बटणे दाबली की तीनऐवजी तीस ‘लाइफ’ मिळत. हा मंत्र पोरांनी पाढ्यासारखा पाठ केला होता. त्याचा उगम पुढे कळला. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ हा दुसरा एक खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळणे त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ही पळवाट आत ठेवली. १९८८ च्या घरगुती ‘काँट्रा’त तीच आली. बनवणाऱ्यालाही जास्त संधी लागते, याची ही कबुलीच होती. आमचा अनुभव असा, की तीस ‘लाइफ’वर पुष्कळदा खेळून झाल्यावर आम्ही तो खेळ तिनातही पुरा करू लागलो. जास्त संधी मिळाल्याने आम्ही आळशी झालो नाही.

तिसरा बदल दिसायला लहान होता. वीज गेली की यंत्राची स्मृती पुसली जाई आणि सगळे पहिल्यापासून. निंतेंदोच्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाच्या १९८७ च्या कॅसेटमध्ये एक चपटी बॅटरी बसवली होती. ती स्मृतीला थोडी वीज पुरवत राही. त्यामुळे आज जिथे थांबलो तिथून उद्या पुढे जाता येऊ लागले. जुन्या यंत्रात पुढे जाण्यासाठी नाणे लागे. इथे नाण्याच्याच आकाराच्या या बॅटरीने मिळवलेले राखून ठेवले.

चूक स्वस्त झाली

पुढचा प्रवास याच दिशेने झाला. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’मध्ये उडी चुकली तर काळ काही क्षण मागे फिरवण्याची सोय आली. २००८ मध्ये जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ या खेळात काळ हवा तितका मागे नेता येऊ लागला, आणि त्यातली कोडी मात्र चांगली डोके खाणारी होती. २००९ च्या मारिओच्या खेळात एकाच टप्प्यात आठ वेळा मेल्यावर एक हिरवी वीट प्रकट होई. तिला धडक दिली तर मारिओचा भाऊ लुइजी तो टप्पा पार करून दाखवी. नको असेल त्याने विटेकडे बघू नये. २०१० च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये मेल्याबरोबर क्षणात पुन्हा सुरुवात होते, आणि टप्पा पार झाला की आपले सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ने तर ‘लाइफ’ मोजणेच सोडून दिले.

२०१८ मध्ये आलेला ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढण्याचा खेळ कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात आपण किती वेळा पडलो याची मोजणी दिसते, आणि हा आकडा मोठा असेल तर लाज न बाळगता अभिमान बाळगा, असे खेळच सांगतो. ज्याला तरीही जमत नाही त्याला खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात सुलभतेसाठी साठाहून अधिक सोयी दिल्या होत्या. मजकूर वाचून दाखवणारा आवाज, दिशा सांगणारे ध्वनी, ठळक रंगभेद. अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळून दाखवला.

२०२० मध्येच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा ‘राजी’ हा खेळ जगभर गेला. आपल्या भावाला शोधायला निघालेल्या सर्कशीतल्या मुलीची ती गोष्ट, छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून सांगितलेली. २०१७ मध्ये लोकांकडून निधी उभारण्याचा या चमूचा प्रयत्न फसला होता. त्यांनाही पुन्हा सुरुवात करावी लागलीच.

या सर्वांतून खेळ सोपे झाले, असा समज करून घेऊ नये. ‘सेलेस्ट’ मुस्तफापेक्षा कितीतरी अवघड आहे. अवघडपणा राहिला, कमी झाली ती चुकीची किंमत, आणि चुकीपासून पुढच्या प्रयत्नापर्यंतचे अंतर.

नाण्याची फट परत आली

सगळेच बदल स्वागतार्ह आहेत असे मात्र नाही. २०१२ मध्ये आलेल्या ‘कँडी क्रश सागा’त पाच ‘लाइफ’ असतात. ती संपली की एकेक परत मिळायला अर्धा अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. जुन्या दुकानातली फट फोनमध्ये शिरली ती अशी. काही खेळांत पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

पालक आणि शिक्षक “मोबाइलवर गेम खेळू नको” असे सरसकट सांगतात, त्याऐवजी एक प्रश्न मुलांनाच विचारायला शिकवावे : या खेळात मी चुकलो की कोणाचा फायदा होतो? माझा, की दुकानदाराचा? चांगला खेळ आणि लुबाडणारा खेळ ओळखायला ही कसोटी पुष्कळ उपयोगी पडते.

आणि शाळेत?

तोच प्रश्न आपण शाळेलाही विचारू या. आमच्या त्या वर्गमित्राने पत्र्याच्या दुकानात शेकडो चुका पाहिल्या, स्वतः केल्या. प्रत्येक चुकीनंतर कुठे चुकले ते तिथल्या तिथे दिसे, आणि पुढचा प्रयत्न लगेच समोर असे. गणितात त्याला चूक कळायची ती गुणपत्रिकेवर, तीही कुठे झाली हे न सांगता. पुढचा प्रयत्न चार महिन्यांनी होता आणि तोवर तो सुटून गेला होता. मुस्तफा त्याला जमला आणि गणित जमले नाही, याचे कारण फक्त एवढेच होते असा आमचा दावा नाही. पण हे कारण होते याविषयी आम्हाला शंका नाही. आपल्या राज्यात दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून ऑक्टोबरऐवजी निकालापाठोपाठ जुलैत होऊ लागली. अंतर कमी करण्याचे ते चांगले पाऊल होते.

वर्गात याहून लहान पावले टाकता येतील, आणि त्यांना संगणक लागत नाही. चाचणीत चुकलेले उदाहरण, आकडे बदलून, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे आणि दोन्हींपैकी चांगले गुण धरावेत. एकाच पायरीवर तीन-चारदा अडलेल्या मुलाला सोडवलेले उदाहरण दाखवावे, पण त्याने मागितल्यावर. कच्च्या वहीला गुण देऊ नयेत आणि तिच्यातली खाडाखोड पुसायलाही सांगू नये. मुलाचे फसलेले प्रयत्न एकत्र दिसण्याची ती एकच जागा आहे. यातले काहीच नवीन नाही. अनेक चांगले शिक्षक हे पूर्वीपासून करत आलेले आहेत.

एक आठवडाभर आपल्या वर्गात एवढीच नोंद ठेवून पाहावी : एखादे मूल एका उदाहरणात चुकल्यावर त्याच प्रकारचे उदाहरण पुन्हा करून बघण्याची संधी त्याला किती वेळाने मिळाली? हा आकडा मिनिटांत आला तर उत्तमच. तो महिन्यांत आला, तर आमच्या त्या वर्गमित्रासारखे कोणी मागच्या बाकावर बसले आहे का, हे आधी पाहावे.