नंदुरबार जिल्ह्यात अतिवेगाचे ई-चलन आले तर: दंड भरावा, हरकत घ्यावी की न्यायालयात जावे?

शहाद्याहून पपई भरून सुरतेकडे निघालेली पिकअप आणि तिच्या मागोमाग जाणारी कार, दोन्ही दुपदरी रस्त्यावर ताशी ६८ किलोमीटरने धावत आहेत, असे समजू. या वेगाला कारचालक नियमात आहे, पिकअपचालक नाही. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्ग आणि दुभाजक असलेले चौपदरी रस्ते वगळता इतर रस्त्यांवर कारसाठी ताशी ७० किलोमीटर, मालवाहू वाहने आणि मोटारसायकलींसाठी ६०, तर तीनचाकींसाठी ५० किलोमीटर अशी कमाल मर्यादा दिली आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कार १०० पर्यंत, तर मालवाहू वाहन आणि मोटारसायकल ८० पर्यंत जाऊ शकते. शिवाय घाट, वस्ती, शाळा किंवा काम सुरू असलेला टप्पा येथे फलक लावून याहून कमी मर्यादा ठरवता येते. तसा अधिकृत फलक असेल तर तिथे फलकावरचाच आकडा लागू होतो.

अतिवेगाचे चलन आल्यावर ‘एवढा वेग तर सगळेच ठेवतात’ हा जो पहिला विचार मनात येतो, तो बहुतेकदा या फरकाची कल्पना नसल्यामुळे येतो. म्हणून आपले वाहन कोणत्या वर्गात मोडते आणि त्या जागी त्या वर्गाला किती मर्यादा होती, हे आधी पाहावे.

नंदुरबार जिल्ह्यात हे पाहणे जरा जास्तच महत्त्वाचे आहे. नवापूर आणि विसरवाडीवरून जाणाऱ्या सुरत–धुळे–नागपूर महामार्गाच्या (राष्ट्रीय महामार्ग ५३) चौपदरीकरणाचे काम या पट्ट्यात बरीच वर्षे रेंगाळले. असे काम सुरू असताना एकाच प्रवासात चौपदरी, दुपदरी आणि वळण रस्ता असे तिन्ही प्रकार लागतात. पुढे धुळे जिल्ह्याच्या हद्दीवर कोंडाईबारी घाट आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये याच घाटात सुरतेकडे निघालेली खासगी बस दरीत कोसळून प्रवासी दगावले होते. तळोदा ते धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाटही तितकाच अवघड. अशा जागी कमी मर्यादेचा फलक दिसला तर तो उगीच लावलेला नसतो.

चलन खरे आहे का?

मोबाइलवर आलेल्या संदेशातील दुव्यावरून कधीही पैसे भरू नयेत. ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार देशभर घडले आहेत, आणि सरकार चलनासाठी एपीके फाइल पाठवत नाही. महाराष्ट्र पोलिसांचे चलन महाट्रॅफिक ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर वाहन क्रमांक आणि चासी अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक टाकून पाहता येते. पत्ता स्वतः टाइप करावा आणि तो ‘गव्ह डॉट इन’ने संपतो ना, हे बघावे.

चलन उघडल्यावर छायाचित्र नीट मोठे करून पाहावे. नंदुरबारच्या वाहनांचा क्रमांक एमएच ३९ ने सुरू होतो, हिंगोलीचा एमएच ३८ ने आणि अकोल्याचा एमएच ३० ने. पाटीवर चिखल असेल किंवा अंक नक्षीदार असतील, तर ९, ८ आणि ० यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. क्रमांक आपला, पण चित्रातली गाडी भलत्याच रंगाची किंवा कंपनीची, असे दिसले तर दंड भरू नये आणि लगेच हरकत नोंदवावी. एकदा दंड भरला की गुन्हा तडजोडीने मिटवल्याची नोंद होते. त्यानंतर ‘ती गाडी माझी नव्हतीच’ हे पटवून देणे फार कठीण जाते.

पुरावा म्हणून काय लागते?

अतिवेगाचा गुन्हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ खाली येतो. या कलमात चालकाच्या बाजूची एक तरतूद आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. गाडी वेगात होती असे एका साक्षीदाराला नुसते वाटले, एवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापाचा आधार असावा लागतो. म्हणूनच महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनात स्पीडगन असते.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला आणि कॅमेऱ्यावरून होणाऱ्या कारवाईची चौकट ठरली. त्यानुसार चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचे कोणते कलम मोडले, हे सर्व असायला हवे. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. कॅमेऱ्याचा टप्पा सुरू होण्याआधी निगराणीची सूचना देणारा फलक हवा. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असेही या नियमात म्हटले होते. १ जुलै २०२५ पासून रडारवर चालणाऱ्या वेगमापकांची वैधमापन यंत्रणेकडून पडताळणी आणि मुद्रांकनही बंधनकारक झाले आहे.

याचा अर्थ एखादा कागद कमी पडला की चलन आपोआप रद्द होते, असा मात्र नाही. हे मुद्दे हरकतीत आणि गरज पडल्यास न्यायालयात मांडावे लागतात. रडारचा झोत रुंद असल्यामुळे चित्रात दोन गाड्या शेजारी-शेजारी असतील तर नेमका कोणाचा वेग मोजला, हा प्रश्न रास्त ठरतो. लेझरगन एकाच गाडीवर रोखली जात असल्याने तिथे हा मुद्दा फारसा टिकत नाही. ‘माझ्या मीटरवर ५५च होते’ या म्हणण्यातही जोर नाही. गाडीचे स्पीडोमीटर प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडा जास्तच आकडा दाखवतील असे बनवलेले असतात.

दंड किती, आणि परवान्याचे काय?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. कायद्याच्या भाषेत ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन हलके ठरते. त्यामुळे छोट्या टेम्पोला अवजड वाहनाची रक्कम लागली असेल, तर तोही हरकतीचा मुद्दा आहे.

पण खरी जोखीम दंडाच्या रकमेत नाही. अतिवेग हा परवाना निलंबित होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांपैकी एक आहे. कलम २०६ (४) नुसार पोलीस परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना अतिवेगासाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश दिले होते. कलम २०० प्रमाणे दंड भरून गुन्हा मिटवला, तरी परवान्यावरची ही कारवाई टळेलच असे नाही. तसे कायद्यातच लिहिले आहे.

ज्याच्या घरी दुसरी मोटारसायकल आहे, त्याला दोन हजार रुपयांचा दंडच मोठा वाटेल. दुसऱ्याच्या ट्रकवर रोजंदारीने चालक असलेल्याचे गणित वेगळे आहे. तीन महिने परवाना नाही म्हणजे तीन महिने काम नाही. अशा चालकाने मालकाने परस्पर दंड भरून प्रकरण मिटवले, यावर समाधान मानू नये. चलनावर चालक म्हणून कोणाचे नाव आणि परवाना क्रमांक गेला, हे विचारून घ्यावे. कॅमेऱ्याचे चलन गाडीच्या क्रमांकावर म्हणजे मालकाच्या नावे येते, आणि गाडी कोण चालवत होते हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ नुसार मालकावर असते. परवाना निलंबनाची नोटीस आली तर उत्तर दिलेच पाहिजे. निर्णयाआधी बाजू मांडण्याची संधी आणि निर्णयानंतर ३० दिवसांत अपील, दोन्ही कलम १९ मध्ये आहेत.

मग ठरवायचे कसे?

छायाचित्रात गाडी आपली, वेग मर्यादेपेक्षा ठळकपणे जास्त आणि परवान्यावर आधीचा डाग नाही, अशा वेळी दंड भरून पावती जपून ठेवणे बहुतेकांच्या सोयीचे असते. धडगाव किंवा मोलगीकडच्या माणसाला एका तारखेसाठी प्रवास, बुडालेली मजुरी आणि वकील यांचा हिशेब दंडापेक्षा जड पडतो. त्यात प्रकरण ज्या हद्दीत गुन्हा घडला तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालते. लोणावळ्याजवळचे चलन असेल, तर ते लढायला तिकडेच जावे लागेल.

गाडी आपली नसेल, वाहनाचा वर्ग चुकला असेल, जागा आणि मर्यादा जुळत नसेल किंवा छायाचित्रच नसेल, तर आधी ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आरसी, गाडीचे समोरून आणि मागून काढलेले फोटो, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ फास्टॅगची नोंद किंवा बाजार समितीची काटापट्टी, सोबत जोडावी. तक्रार फेटाळली गेली तर न्यायालयाचा मार्ग उरतो. उपजीविका परवान्यावर अवलंबून असलेल्याने मात्र शंकेला जागा असेल तिथे लढण्याचा विचार आधीच करावा. दंडाची रक्कम छोटी आहे म्हणून तो सोडून देऊ नये.

लोकअदालतीबद्दल गैरसमज बरेच आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत ई-चलने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून ठेवली जातात आणि तशा नोटिसा मोबाइलवर येतात. तिथे रक्कम कमी होऊ शकते, पण होईलच असा नियम नाही. लोकअदालतीत तडजोड होते, पुरावे तपासून निर्दोष ठरवणे तिथे होत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नसते. गाडीच आपली नाही असे म्हणणाऱ्याला तिचा उपयोग कमी.

काहीच न करणे हा चौथा पर्याय अनेक जण निवडतात. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे, ही गोष्ट खरी. पण विलंब माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, आणि दरम्यान थकीत चलनामुळे गाडी विकताना किंवा आरटीओत दुसरे काम करताना अडकायला होते.

विकलेली गाडी आणि गुजरातचे चलन

गाडी विकली, पण कागद जुन्याच नावावर राहिले, हे चित्र जिल्ह्यात नवे नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. ते झाले नसेल तर चलन जुन्या मालकालाच येत राहते. त्याने विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती जोडून हरकत घ्यावी, आणि त्याच दिवशी हस्तांतरणाचा अर्जही मार्गी लावावा. वाहन नोंदीतला मोबाइल क्रमांक जुना असेल तर संदेश येतच नाही, म्हणून तोही बदलून घ्यावा.

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. रस्त्यानेही उच्छल, व्यारा, सुरत हे रोजचेच जाणे-येणे. तिकडे झालेले चलन महाराष्ट्राच्या ॲपवर दिसेलच असे नाही. ते केंद्राच्या परिवहन ई-चलन संकेतस्थळावर शोधावे लागते, आणि खेतियामार्गे मध्य प्रदेशात जाणाऱ्यांनीही तिथेच पाहावे. त्यावरची तक्रार ज्या राज्याने चलन केले त्याच राज्याकडे करायची असते. नंदुरबारच्या वाहतूक शाखेत ते रद्द होऊ शकत नाही.