मिळकतकराची पावती (पुणे)

पुणे महानगरपालिकेकडे मिळकतकर भरल्याचा पुरावा. बोलीत ‘घरपट्टीची पावती’. जुन्या घरांत ती वीजबिलांसोबत तारेच्या आकड्याला ओवलेली असे आणि हवी असलेली नेमकी तळाशी निघे. आता ती संगणकावरून उतरवून घेता येते, पण कामे जुनीच दोन: महापालिकेपुढे बोलायचे आणि आयकर खात्यापुढे बोलायचे.

महापालिकेपुढे मात्र नुसती पावती पुरत नाही, हे पुणेकरांना ४० टक्के सवलतीने शिकवले. मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून करआकारणीत ही सवलत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने ती बंद केली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात सवलत गेलेल्यांना ‘पीटी-३’ अर्ज भरावा लागला. सोबत मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा गॅसकार्ड यांसारखा रहिवासाचा पुरावा आणि सोसायटीचे पत्र. आपण इथेच राहतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असते. तरी ज्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून बोलणे बंद, त्याच्याच सहीसाठी जिना चढावा लागतो. अर्जाची मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती महिनाअखेरपर्यंत वाढवली गेली.

आयकरात पावतीवरची तारीख बोलते. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा होतो, पण मालकाने त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेलाच. बिल आले म्हणून वजावट मिळत नाही. ३१ मार्चला राहिलेला भरणा २ एप्रिलला केला, की वजावट पुढच्या वर्षात गेली; शिवाय थकबाकीवर महापालिकेची दरमहा २ टक्के शास्ती आहेच. भाडेकरूने परस्पर भरलेला कर मालकाला वजा करता येत नाही. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट असल्याने रंगाऱ्याची आणि प्लंबरची बिले इथे कोणी विचारत नाही.

भाडेकरूची पावती वेगळी. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर सूट घेणारा नोकरदार ती कचेरीत देतो. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅनही लागतो. रोख ५,००० रुपयांवरच्या पावतीला १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही ओढायची, ही रीत अजून चालू आहे.

विवरणपत्राचे कागद किती वर्षे ठेवावेत? २०२४ च्या दुरुस्तीनंतर फेरआकारणीची नोटीस साधारणपणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ३ वर्षे ३ महिने, आणि ५० लाख वा अधिक उत्पन्न सुटल्याचा संशय असल्यास ५ वर्षे ३ महिने, एवढ्या मुदतीत येऊ शकते. घराचे कागद या हिशेबात बसत नाहीत. घर विकताना भांडवली नफा काढावा लागतो आणि खरेदीखत, मुद्रांक शुल्क, नंतर चढवलेल्या मजल्याचे बिल हे सगळे तेव्हा मागितले जाते. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला त्या दिवसाचे बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी मूल्यांकन अहवाल करून घेतात. दुकानात उष्णतेने छापलेल्या बिलांवरची अक्षरे मात्र दोन-चार वर्षांत उडतात, म्हणून त्यांची झेरॉक्स आधीच काढलेली बरी.

नदीकाठच्या पेठांतल्या काही कुटुंबांकडे १२ जुलै १९६१ च्या आधीचे कागद नाहीत. ते त्या दिवशी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात गेले. अशा वेळी नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवतात.