तक्रारपेटीची किल्ली

आमच्या प्रशालेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारच्या खांबावर, एक लाकडी तक्रारपेटी आहे. मी मुख्याध्यापकपदाची सूत्रे घेतली त्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत सामानाची मोजदाद करताना ती यादीत आली. पेटीला कुलूप होते. किल्ली कोणाकडेच नव्हती. शिपाई म्हणाला, "सर, मी आल्यापासनं ही कधी उघडल्यालीच बघितली न्हाई." शेवटी कुलूप फोडले. आत गोळ्या-चॉकलेटांचे कागद, दोन-तीन थट्टेच्या चिठ्ठ्या आणि वहीचे एक घडी घातलेले पान निघाले. पाणी प्यायला गेले की काही मुले आपल्याला जातीवरून काय बोलतात, हे नववीतल्या एका मुलाने त्यावर चार ओळींत लिहिले होते. खाली नाव होते, तुकडी होती आणि तारीख होती. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. चौकशी केली तेव्हा कळले, की तो मुलगा दिवाळीनंतर दाखला काढून गेला. दाखल्यावर कारण लिहिले होते, 'पालकांचे स्थलांतर'.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. अन्याय करू नये, असे तर सगळेच ग्रंथ सांगतात, सगळे कायदेही सांगतात. पण शिक्षणसंस्थेत झालेल्या अन्यायाची तक्रार ऐकून घेणे, हे एखाद्या नेमलेल्या माणसाचे काम कधी झाले? त्याचा शोध घेताना वाट बडोद्यावरून निघाली आणि थेट अमेरिकेच्या विद्यापीठांत जाऊन पोहोचली.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. साताऱ्याच्या शाळेत ज्यांना वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, त्यांना तिथे बाकावर, ग्रंथालयात, भोजनाच्या टेबलावर कोणी अडवले नाही. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून ते पारशांच्या एका विश्रांतिगृहात राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. काही तास सार्वजनिक बागेत काढून बाबासाहेबांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

लक्षात घ्या, बडोद्याचा राजा पुरोगामी होता. शिष्यवृत्ती त्यानेच दिली होती आणि त्याचे मन चांगले होते यात शंका नाही. नव्हता तो फक्त एक माणूस, की ज्याच्या टेबलावर तो अर्ज थांबेल आणि ज्याला त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

ज्या अमेरिकेत बाबासाहेबांना मोकळा श्वास घेता आला, तिथेही सर्वांनाच तो मिळत होता असे मात्र नाही. दक्षिणेकडील अनेक राज्यांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती. जॉर्ज मॅक्लॉरिन नावाचे एक प्रौढ कृष्णवर्णीय शिक्षक शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेटसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेले. न्यायालयात जाऊन १९४८ मध्ये त्यांनी प्रवेश मिळवला. मग विद्यापीठाने काय करावे? वर्गाला लागून असलेल्या छोट्या खोलीत त्यांची खुर्ची मांडली. तिथून त्यांनी व्याख्यान ऐकायचे. ग्रंथालयात त्यांचे टेबल निराळे, भोजनगृहात त्यांची वेळ निराळी. साताऱ्याचे गोणपाट आणि ओक्लाहोमाची ही खुर्ची यांत मला तरी काही फरक दिसत नाही. ५ जून १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही वागणूक घटनाबाह्य ठरवली. पण वर्गात चार हात पुढे बसण्यासाठी एका विद्यार्थ्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, हीच त्या काळाची गोष्ट. मधे दुसरे कुठले दारच नव्हते.

ते दार बांधायला १९६० नंतरचे दशक उजाडले. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणाने सांगितले, की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात वंश, वर्ण वा मूळ देश यांवरून भेद करता येणार नाही. पुढच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६५ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी कंत्राट घेणाऱ्याने नोकरभरतीत भेद करू नये आणि समान संधीसाठी स्वतःहून पावले टाकावीत, असा त्याचा आशय. १९६७ मध्ये दुरुस्ती करून त्यात स्त्रियांचाही समावेश झाला. या दोन्हींचे वैशिष्ट्य असे, की उपदेशाबरोबर पैशाची दोरीही सरकारच्या हाती होती. दोरी आखडली की भली भली विद्यापीठेही भानावर येत.

मात्र दोरी असली तरी ती ओढणार कोण? इथे या इतिहासातली माझी आवडती व्यक्ती येते. बर्निस सँडलर या मेरीलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवीत आणि तिथेच त्यांनी १९६९ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. विभागात अनेक जागा रिकाम्या होत्या, पण त्यांचा विचारही झाला नाही. का, म्हणून विचारले तर एका सहकाऱ्याने सांगितले, की बाई म्हणून तुम्ही जरा जास्तच जोरकस वाटता. दुसऱ्या एका ठिकाणी ऐकावे लागले, की तुम्ही म्हणजे पुन्हा शाळेत गेलेल्या गृहिणी. बाईंनी घरी रडत न बसता ग्रंथालय गाठले. नागरी हक्क आयोगाचा एक अहवाल वाचता वाचता त्यांची नजर एका तळटिपेवर गेली. जॉन्सन यांच्या आदेशात स्त्रियांचा समावेश झाला आहे, एवढेच त्या टिपेत होते. एकट्याच बसलेल्या सँडलर आनंदाने ओरडल्या. विद्यापीठे सरकारी कंत्राटे घेतात, म्हणजे हा आदेश त्यांनाही लागू! आमच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, तळटिपा वाचत जा. एका तळटिपेने एका देशाच्या विद्यापीठांचा कारभार बदलला आहे.

३१ जानेवारी १९७० रोजी एका महिला संघटनेच्या वतीने सँडलर यांनी सरकारकडे पहिली तक्रार गुदरली. त्यापाठोपाठ सुमारे अडीचशे संस्थांविरुद्ध तक्रारी गेल्या. ठिकठिकाणच्या प्राध्यापिका नोकरी जाण्याच्या भीतीने उघड बोलत नसत, पण विभागात पुरुष किती, स्त्रिया किती, कोणाला पगार किती, ही माहिती गुपचूप पाठवीत. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध तक्रार झाली, सरकारी तपासनीस आले, आणि सरकारने काही कंत्राटे रोखून धरली. वर्ष संपण्याच्या सुमारास विद्यापीठाने सुधारणेची योजना लिहून दिली आणि १९७१ मध्ये स्त्रियांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

प्रतिनिधी एडिथ ग्रीन यांनी १९७० च्या उन्हाळ्यात या विषयावर सुनावण्या घेतल्या. पॅट्सी मिंक आणि बर्च बे यांच्या खटपटीची जोड मिळाली, आणि २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने 'नववे प्रकरण' म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या सदतीस शब्दांचे आहे. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कोणाला वगळू नये, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु माझ्या मते खरी क्रांती झाली ती या वाक्याने नव्हे, तर १९७५ च्या नियमावलीतल्या एका रुक्ष कलमाने. प्रत्येक संस्थेने या कायद्याच्या पालनासाठी आणि तक्रारींच्या चौकशीसाठी निदान एक कर्मचारी नेमावा, तक्रार सोडवण्याची पद्धत लिहून जाहीर करावी, आणि नेमलेल्या माणसाचे नाव, कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक सर्व विद्यार्थ्यांना व नोकरांना कळवावा, असे ते कलम. नाव, पत्ता, फोन! एखाद्या हेडक्लार्कने लिहावे तसे हे कलम आहे. पण त्याने विद्यापीठात एक नवे पद जन्माला घातले. १९७३ च्या कायद्यानुसार अपंगांच्या हक्कांची नियमावली १९७७ मध्ये आली, तीतही असाच जबाबदार माणूस सांगितला होता. पुढे अनेक ठिकाणी वंश, लिंग, धर्म, अपंगत्व या सर्वांची कामे एका कार्यालयात आली आणि त्याच्या दारावर 'समान संधी अधिकारी' अशा अर्थाची पाटी लागली.

हा अधिकारी करतो काय? तोंडी वा लेखी आलेली तक्रार तो नोंदवतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळवतो. दोन्ही बाजू आणि साक्षीदार यांची विचारपूस करतो, कागदपत्रे पाहतो, निष्कर्ष लिहितो. चौकशी चालू असताना तक्रारदाराला वर्ग किंवा वसतिगृह बदलून देण्याची व्यवस्था करतो. तक्रार केली म्हणून कोणी सूड तर उगवत नाही ना, यावर लक्ष ठेवतो, कारण सूड हाही स्वतंत्र गुन्हा मानला आहे. शिवाय नोकरीच्या जाहिराती, निवड समित्या आणि प्रवेश यांचे आकडे तपासून, तक्रार येण्याआधीच दोष दाखवतो.

पद कागदावर आले म्हणून ते लगेच खुर्चीवर बसले असे नाही. येल विद्यापीठात काही विद्यार्थिनींना अध्यापकांकडून त्रास झाला, तेव्हा तक्रार करायची कुठे, हेच ठरलेले नव्हते. १९७७ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. १९८० मध्ये वरिष्ठ न्यायालयातही त्या हरल्या. पण दाव्यातली मुख्य मागणी होती तक्रारीच्या व्यवस्थेची, आणि ती व्यवस्था येलने दरम्यान उभी केली होती. पाठोपाठ इतर अनेक विद्यापीठांनी तिचे अनुकरण केले. खटला हरून लढाई जिंकण्याचे असे उदाहरण विरळाच.

या पदाचे दोषही सांगितले पाहिजेत. अधिकारी पगार घेतो विद्यापीठाचा आणि चौकशी करतो विद्यापीठाचीच. त्यामुळे अन्याय दूर करण्यापेक्षा संस्थेची अब्रू झाकण्याकडे त्याचा कल होतो, असा एका बाजूचा आरोप. आरोपीला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी मिळत नाही, असा दुसऱ्या बाजूचा. २०२० च्या नियमांनी विद्यापीठांतल्या अशा चौकशीत प्रत्यक्ष सुनावणी व उलटतपासणी आणली, ती या दुसऱ्या आरोपामुळे. आणि राज्यकर्ते बदलले की दोरीही बदलते. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा तो साठ वर्षांचा आदेश रद्द केला. सँडलर यांना सापडलेली तळटीप आता केवळ इतिहास आहे. १९७२ चा कायदा मात्र संसदेने केलेला असल्याने एका सहीने पुसता आला नाही.

या इतिहासाचा एक धागा पुन्हा आपल्याकडे वळतो. डिसेंबर २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठाने आणि जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. आपल्या माणसांनी सातासमुद्रापार लोणची-पापडांबरोबर हेही नेले, म्हणून तो घालावा लागला. ज्या देशात बाबासाहेबांना जातीचा विसर पडू शकला, त्या देशात शंभर वर्षांनी जातीच्या तक्रारीसाठी टेबल मांडावे लागले, हे वाचून मान खाली जाते.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेचे विनियम केले आणि प्रत्येक संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. त्यानंतरही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आपले आयुष्य संपवले. विनियम प्रत्यक्षात पाळले जावेत म्हणून या दोघांच्या माता २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले, त्यांवर वादळ उठले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. वाद कसाही मिटो, कागदावरचा अधिकारी आणि टेबलावरचा अधिकारी यांत किती अंतर असते, ते त्या दोन मातांना विचारावे.

आम्हा सीमाभागातल्यांना हे अंतर नव्याने सांगायला नको. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. त्या आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय आमच्या बेळगावातही होते. निवेदने देऊन आमच्या वडीलधाऱ्यांच्या चपला झिजल्या. आयुक्तांनी चौकशी करावी, राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, तो संसदेपुढे ठेवला जावा, एवढीच घटनेची योजना. ऐकणारा माणूस होता, पत्ताही होता. हाती दोरी मात्र नव्हती.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझ्या खांबावरची पेटी मला विसरता येत नाही. भाषेच्या बाबतीत आम्ही अर्जदार आहोत. पाण्याच्या टाकीपाशी आम्हीच सरकार आहोत. तिथे दोरी माझ्या हाती होती, आणि पत्ता नव्हता. आता दर जूनमध्ये शाळा भरली, की व्हरांड्यातल्या फलकावर एका शिक्षिकेचे आणि एका शिक्षकाचे नाव, त्यांची बसण्याची जागा आणि भेटीची वेळ लिहिली जाते, मराठीत आणि कन्नडमध्येही. पेटी दर शनिवारी दोघांसमोर उघडते आणि आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद वहीत होते. फार मोठे काम नव्हे. पण ते आठ महिने आधी सुचले असते, तर एक मुलगा दहावीला आमच्याच शाळेतून बसला असता.