वॉलेस स्टेग्नर: कादंबरीकार आणि मास्तर

अमेरिकन कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर (1909–1993) यांचा जन्म आयोवा राज्यातला, पण बालपण कॅनडातील सस्कॅचेवानच्या उघड्या माळावर गेले. वडील नशीब काढण्यासाठी सतत गाव बदलणारे. चोरटी दारू विकण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अखेर कुटुंब सॉल्ट लेक सिटीत स्थिरावले. या फरफटीतूनच पुढे ‘द बिग रॉक कँडी माउंटन’ (1943) ही कादंबरी आली.

आयोवा विद्यापीठाने 1920च्या दशकातच पदवीसाठी प्रबंधाऐवजी कथा-कविता स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. त्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत स्टेग्नर होते. 1937मध्ये ‘रिमेंबरिंग लाफ्टर’ या छोट्या कादंबरीला एका प्रकाशनसंस्थेचे अडीच हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. मंदीच्या दिवसांत ही रक्कम मास्तरकी करणाऱ्याला थोडीथोडकी नव्हती.

विस्कॉन्सिन आणि हार्वर्डमध्ये शिकवून 1945मध्ये ते स्टॅनफर्डला आले. युद्धावरून परतलेले तरुण सरकारी खर्चाने वर्गात बसत होते. वयाने मोठे, अनुभवाने भरलेले, आणि सांगायला पुष्कळ काही असलेले हे विद्यार्थी पाहून स्टेग्नर यांनी सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम आखला. इंग्रजी विभागप्रमुखांचे भाऊ डॉ. ई. एच. जोन्स यांनी त्यासाठी पैसा दिला. वर्गाची रीत साधी होती: टेबलाभोवती मंडळी बसत, एकाची कथा वाचली जाई आणि मग बाकीचे तिची चिरफाड करत. प्रतिभा शिकवून येत नाही, हे स्टेग्नर यांना पुरते ठाऊक होते. लिहिणाऱ्याला सवड, थोडा पैसा आणि जाणत्यांची सोबत मात्र देता येते, एवढाच त्यांचा दावा. वेंडेल बेरी, लॅरी मॅकमर्ट्री, अर्नेस्ट गेन्स हे या वर्गातून गेले. केन कीझीही गेला, पण गुरुशिष्यांचे कधीच जमले नाही. शिस्तीवर विश्वास असलेल्या स्टेग्नर यांना साठच्या दशकातला स्वैरपणा मानवत नव्हता.

पश्चिमेकडील रानांसाठीही त्यांनी लेखणी झिजवली. त्यांचे 1960मधील ‘वाइल्डरनेस लेटर’ 1964च्या ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’ या कायद्याच्या चळवळीत वारंवार पुढे केले गेले.

1971मध्ये त्यांनी अध्यापन सोडले. त्याच वर्षी आलेल्या ‘अँगल ऑफ रिपोझ’ला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. या कादंबरीला एक डागही आहे. मेरी हॅलॉक फूट या एकोणिसाव्या शतकातील लेखिका-चित्रकर्तीची पत्रे तिच्या वंशजांच्या परवानगीने वापरली होती; पण उतारेच्या उतारे जवळजवळ जसेच्या तसे आले आणि पुस्तकात तिचे नाव नव्हते. परवानगी होती हे खरे, तरी एका लेखिकेचे शब्द असे निनावी राहणे खटकते. या वादाने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही.

‘द स्पेक्टेटर बर्ड’ला 1977मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, ‘क्रॉसिंग टू सेफ्टी’ 1987मध्ये आली. 1993मध्ये सँटा फे येथे मोटार अपघातात झालेल्या जखमांनी त्यांचे निधन झाले. नवोदित लेखकांना स्टॅनफर्ड देत असलेली शिष्यवृत्ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.