आईची हजेरी

धाकटीचा वाढदिवस १ जूनला असतो. म्हणजे कागदावर. आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी पोराकडं एकदा निरखून बघायचे, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते तपासायचे आणि शाळेच्या हिशेबाला सोयीची म्हणून १ जून लिहून मोकळे व्हायचे. धाकटीच्या नावापुढं १ जून १९७३ असं आहे. तेवढं वर्ष मात्र खरं आहे. ते विसरायची सोयच नाही.

गेल्या दिवाळीत तिची लेक गावाकडं आली होती. पुण्याला कंपनीत नोकरी, पहिला मुलगा चार वर्षांचा, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले. सोप्यात बसून ती रजेचा हिशेब सांगत होती. आई भिंतीला टेकून ऐकत होती. आईनं ऐंशी पार केली आहे, पण कान शाबूत आहेत.

"सव्वीस आठवडं म्हंजी किती म्हईनं गं?"

"सहा महिने, आज्जी."

"आन् पगार?"

"पगार चालू."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझा बी चालू हुता की. दीड म्हईना." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

भाचीला काही कळलं नाही. मला आणि धाकटीला कळलं. ती गोष्ट घरात कधीमधी अर्धीमुर्धी निघते, पण सगळी सांगितली जात नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव माण तालुक्यात. इथं पाऊस कमी पडला तर कुणी दचकत नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांनी दुष्काळी मजूर लावूनच बांधून घेतलेला. पण १९७२ चं साल वेगळं होतं. आदल्या वर्षीचा पाऊस तोकडा, त्यात ७२ ला मृगानं हूल दिली. बाजरी बोटभर वर आली आणि करपली. पुढची नक्षत्रं कोरडी गेली. विहिरींचे तळ दिसायला लागले तेव्हा मात्र म्हाताऱ्या माणसांचीही बोलती बंद झाली.

त्याच सालात, गणपतीच्या सुमारास, आई सकाळी न्हाणीपाशी ओकताना मला दिसली. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटलं, आई आजारी पडली. आजीला सांगायला पळालो तर आजीनं जात्यावरचा हात थांबवला आणि म्हणाली, "बरं झालं. सिद्धनाथानं ऐकलं. पर कवा ऐकलं!"

माझ्यानंतर आठ वर्षं पाळणा हलला नव्हता. त्यावरनं आईला घरात काय काय ऐकावं लागलं हे मला पुढं कळलं. एक लेकरू म्हणजे एक डोळा, तो गेला की अंधार, असं आजी येताजाता म्हणायची. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोललेला होता. आणि आता दिवस गेले ते असे, की घरात पायलीभर धान्य नाही.

दसऱ्याच्या आत बैलजोडी विकली. दोन वर्षांपूर्वी घेतली होती त्याच्या चौथाईतसुद्धा गेली नाही. तात्या, म्हणजे आमचे वडील, दावी हातात घेऊन परत आले आणि ती दावी त्यांनी गोठ्यात खुंटीला अडकवली. दिवाळीनंतर सरकारी कामं निघाली. तात्या लांबच्या पाझर तलावाच्या कामावर गेले, ते पगाराला घरी यायचे. आईनं गावाजवळच्या रस्त्याला खडीवर नाव घातलं. तिला चौथा महिना होता.

खडी फोडणं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग पडलेले. पाच-सहा बायकांची एक टोळी. दगड पुढ्यात ओढायचा, रबराच्या चकतीत धरायचा म्हणजे कपऱ्या उडत नाहीत, आणि हातोडीनं ठरल्या मापाची खडी करायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. तान्ह्या पोरांच्या झोळ्या बाभळीला. कामाची मोजणी ब्रासवर. हात चालला तर दिवसाला दोन-अडीच रुपये पडायचे, आणि पगार वेळेवर होईलच असं नाही.

रेशनला मिलो मिळायचा. अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणाच नसायचा. थापताना भाकरी तुटायची, तव्यावर टाकताना पुन्हा तुटायची. आजी म्हणायची, "ही भाकर न्हवं, ही ठिगळं हायती." ठिगळं कोरड्यासात कुस्करून आम्ही खायचो. आईला डोहाळे लागले होते मातीचे. पहिल्या पावसाच्या भिजल्या मातीचा वास येतो तो वास तिला हवा होता, आणि त्या साली तो कुठून आणायचा? ती चुलीच्या कडेची भाजकी माती खरवडून जिभेवर ठेवायची. आजी रागवायची नाही. चूल पोतारताना कडेला मुद्दाम जास्तीचा थर द्यायची, हे मी पाहिलेलं आहे.

कामावर सुकडी वाटायला लागले. गव्हाचं भाजलेलं पीठ, गूळ, तेल असलं काहीतरी; पण मिलोपुढं ती अमृत होती. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची आणि मला द्यायची. "तू खाल्लीस?" असं मी विचारायचो. "खाल्ली की तितंच," ती म्हणायची. एके दिवशी मी खडीवर तिला पाणी द्यायला गेलो. तिच्या टोळीतली एक बाई मला म्हणाली, "आरं, तुजी आय हितं एक घास तोंडात घालत न्हाई. पोटात एक हाय तिच्या, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. संध्याकाळी आईनं गाठ सोडली. मी तिला म्हटलं, तूच खा. तिनं चिमूटभर तोंडात टाकली आणि बाकीची माझ्यापुढं सरकवली. आणि मी खाल्ली. आठ वर्षांच्या पोराला दोष देऊ नये म्हणतात. नका देऊ. पण खाल्ली ती मीच.

दिवस भरत आले तसं आईला बसून वाकता येईना. हातोडी मारली की पोटात कळ यायची. सातव्या महिन्यापासून टोळीतल्या बायका आपल्या ढिगातली पाटीपाटी खडी तिच्या ढिगावर टाकायच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मोजणीच्या वेळी मुकादम यायचा, आईकडं बघायचा, ढिगाकडं बघायचा आणि माप लिहायचा. तोही इथलाच, दुष्काळातलाच माणूस.

एप्रिलात एकदा ती घरी परतताना वाटेत बसली ती उठेना. दोन बायकांनी धरून आणली. रात्री आजी तिच्या पायाला तेल चोळत होती. तेल कुठलं, तळाला राहिलेली ओल. दिवा घालवल्यावर आजी अंधारात बोलायला लागली.

"मी ह्या पोराएवढी आसंन," ती म्हणाली. म्हणजे माझ्याएवढी. "मानमोडी आली हुती. पाऊस बी न्हवता. माजी आय आशीच दिस भरल्याली. सकाळी पाण्याला गेली, दुपारी आंग तापलं. तिसऱ्या दिशी दोगं बी गेली. पोटातलं बी."

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, आणि त्या तापात गरवार बायका फार दगावल्या, हे मी पुढं वाचलं. त्या रात्री मला एवढंच कळलं की आजीलाही कधी आई होती.

"उद्यापासनं तू जायाचं न्हाई," आजी म्हणाली.

"आन् आत्याबाई, पगार?"

"मी जाती."

आणि साठी ओलांडलेली माझी आजी दुसऱ्या दिवशी आईची हातोडी आणि चकती घेऊन खडीवर गेली. नवीन नाव घालायचं तर खटपट होती; शिवाय म्हातारीला कामावर कोण घेणार? ती आईच्या नावावर बसली. हजेरीला आईचं नाव पुकारलं की आजी "हाय" म्हणायची.

अडचण आली ती पगाराला. आई चौथी शिकलेली, ती सही करायची. आजीचा अंगठा. पगारवाटप करणाऱ्या बाबूनं मस्टर उलटंपालटं करून विचारलं, "मागच्या पगाराला सही आहे, आणि आता अंगठा कसा?"

आजीनं चिंध्या बांधलेली बोटं त्याच्यापुढं धरली. "घण लागलाय बाबा. सई कशानं करू?"

बाबूनं आजीच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. मस्टरवर वय लिहिलेलं असणार, तीस. टोळीतल्या बायका मागं उभ्या होत्या, एकही हसली नाही. मुकादम विडी पेटवायच्या निमित्तानं पाठमोरा झाला. बाबूनं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी ही रीत. माहेरीही दुष्काळच होता, त्यामुळं रीत आपोआप पाळली गेली. आखिती होऊन आठ-नऊ दिवस झाले असतील. टँकर दोन दिवस आला नव्हता. दुपारी कळा सुरू झाल्या. आजी खडीवर. मी उन्हात पळत गेलो. आजीनं हातोडी ठेवली, शेजारणीला म्हणाली, "माजा ढीग बघ गं," आणि माझ्या पुढं पळाली.

घरात दीड घागर पाणी होतं. बाळंतपण म्हणजे पाणीच. आजीनं मला घरोघर पाठवलं. कुणाकडं भरलेली घागर नव्हती, तरी कुणी तांब्या दिला, कुणी कळशीत तळाला होतं ते दिलं. एका म्हातारीनं देवापुढच्या गडव्यातलं दिलं. ते सगळं एका हंड्यात जमा झालं. सुईण गावकुसाबाहेरून आली. एरवी जिला आमच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती, तिच्या हातात त्या संध्याकाळी आमचं सगळं घर होतं. दिवेलागणीला धाकटी झाली. सुपात ठेवली तर सूप मोठं दिसायला लागलं. रडणंसुद्धा मांजरीच्या पिलासारखं.

मला कुणी काही म्हणालं नाही. पण मी सुपाकडं बघितलं आणि मला सुकडी आठवली.

पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि टाक ठेवतात. टाक नव्हता, माझी शिसपेन्सिल ठेवली. आजीनं विचारलं, "टोक हाय न्हवं चांगलं?" मी ब्लेडनं पुन्हा टोक केलं.

आजी पाचव्या दिवसापर्यंतही घरी राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी खडीवर गेली. रात्री येऊन बाळंतिणीला शेक द्यायची, बाळाला चोळायची. जून महिन्यात पाऊस आला, चांगला आला. पेरणीला घातीवर माणूस हवं म्हणून आजीनं खडी सोडली. आई पहिल्या पावसात दारात येऊन बसली होती. मातीचा वास तिला मिळाला, पण तोवर डोहाळे सरले होते.

पुढं आरोग्य खात्याची बाई सायकलवरून यायला लागली. चावडीच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि चार हसरी तोंडं काढलेली होती. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. आईनं ऑपरेशन करून घेतलं. मला वाटलं होतं, आजी आडवी येईल. ती म्हणाली, "दोन डोळं झालं. बास." आमचं घर त्या चित्रासारखं झालं. फक्त चित्रात आजी नव्हती.

मी नंतर इतिहास वाचला, थोडाफार शिकवलाही. बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा १९६१ सालचाच आहे. तेव्हा बारा आठवडे होते, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस झाले. पण तो कारखान्यांसाठी, खाणींसाठी, मळ्यांसाठी. रस्त्याकडेच्या ढिगापर्यंत तो आला नाही. रोजगार हमीचा कायदा राज्यात १९७७ ला झाला, तो ह्याच ढिगांवरच्या माणसांमुळं. दुष्काळाच्या अभ्यासात एक आकडा नेहमी येतो. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तो आकडा मस्टरांवरून आला असेल तर त्यात माझी आईही मोजलेली आहे. धाकटी जन्मली त्या दिवशीही ती कामावर हजर आहे. कागद तसंच सांगेल, आणि खाली अंगठा असेल.

हे सगळं भाचीला सांगून झालं. धाकटी म्हणाली, "मग माझा खरा वाढदिवस कधी?"

आई म्हणाली, "टँकर आला न्हवता त्या दिशी."

मग भाचीनं विचारलं, "पण आज्जी, ज्या दिवशी आई झाली त्या दिवशी पणजी दुपारीच घरी पळाली. त्या दिवसाचा पगार कापला असेल ना?"

"कापतोय कशाला," आई म्हणाली. "तिचा ढीग बायकांनी पुरा केला. त्या पगाराला आत्याबाईनं गूळ आनला. आन् मूठभर खारका. मला म्हनल्या, खा, आन् हितंच बसून माज्या म्होरं खा. पदरात बांधायचं न्हाई."