'फोकस'ची कुळकथा

छायाचित्रकाराच्या तोंडी अहोरात्र असणारा 'फोकस' हा शब्द मूळचा लॅटिन असून, आगटीच्या ज्या तळभूमीवर लाकडे रचून जाळ करावयाचा, त्या जागेचे ते साधे घरगुती नाव होते. रोमन कुटुंबाच्या 'लारेस' नामक गृहदेवतांचे सान्निध्य याच स्थानी मानीत. आणि स्वदेशरक्षणार्थ लढणे याला 'वेद्यांसाठी व चुलींसाठी' लढणे म्हणण्याचा लॅटिनात प्रघात होता. अग्नीकरिता त्या भाषेत 'इग्निस' हा आपल्या 'अग्नी'चा सगोत्र शब्द होता खरा. परंतु प्राकृतजनांनी त्या कुलीनास बाजूस सारून चुलीच्या नावानेच विस्तवास हाक मारली, आणि इटालियन 'फुओको', स्पॅनिश 'फुएगो' हे त्याच वंशात जन्मले.

जेथे चूल, तेथे कुटुंब, हे ओळखण्यास सरकार कधीच चुकत नाही. मध्ययुगीन फ्रान्समध्ये खानेसुमारी आणि सारा यांची आकारणी चुलीच्या हिशेबाने होई. इंग्लंडात भाषा निराळी, पण युक्ती तीच: दुसऱ्या चार्ल्सची तिजोरी रिती पडली तेव्हा, 1662 साली, दर चुलीमागे सालिना दोन शिलिंग, सहामाही दोन हप्त्यांनी, असा कर बसला. लंडनचा 1666 चा अग्निप्रलय ज्याच्या भटारखान्यातून उद्भवला, त्या थॉमस फॅरिनरच्या नावे पाच चुली व एक भट्टी दफ्तरी नमूद आहे! अंमलदाराने घरात शिरून चुली मोजाव्यात, ही गोष्ट रयतेस कराहूनही असह्य झाली, आणि विल्यम व मेरी यांनी सिंहासनावर येताच, 1689 मध्ये, तो रद्द केला. लोकानुरंजनाचा याहून स्वस्त उपाय त्यांस सापडला नसता.

शब्दाचे भाग्य मात्र त्यापूर्वीच प्रागच्या राजगणिती योहान्नेस केप्लरने पालटले होते. प्रकाशशास्त्रावरील आपल्या 1604 च्या ग्रंथात, शंकुच्छेदाच्या ज्या विशिष्ट बिंदूस तोवर सुटसुटीत नाव नव्हते, त्यास त्याने 'फोकुस' म्हटले. अंतर्गोल आरशाने एकवटलेले सूर्यकिरण जेथे वस्तू पेटवितात, त्या जागेस चूल म्हणणे सर्वथा समर्पक होते. पुढे 1609 मध्ये त्यानेच मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार ठरवून सूर्यास तिच्या एका फोकुसावर बसविले, तेव्हा तर ते नाव अक्षरशः सार्थ झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी याकरिता 'नाभी' हा शब्द योजिला आहे. तो सुबोध व सुंदर आहे, पण त्यात विस्तव नाही.