जहाजाच्या मेजावरील कालवे

१४ एप्रिल १९१२ ह्या रविवारी रात्री 'टायटॅनिक' जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात जी भोजनपत्रिका मेजामेजांवर ठेवलेली होती, ती आज उपलब्ध आहे. दहा-अकरा फेऱ्यांचे ते भोजन होते. सामन मासा होता, भाजलेली कबुतरे होती, बदक होते, शेवटी मलईचे बर्फ होते. परंतु ह्या साऱ्यांच्या आधी, पत्रिकेच्या अगदी वरच्या भागात, कसलेही विशेषण न लावलेला एकच शब्द छापला आहे : कालवे. इतर कित्येक पदार्थांना फ्रेंच नावांचे अलंकार घातलेले आहेत. कालवांना त्यांची गरज भासलेली नाही. ती कच्ची, बर्फावर मांडून, अर्ध्या शिंपल्यात वाढावयाची आणि लिंबू पिळून खावयाची, हे त्या मेजावरील प्रत्येकास ठाऊकच होते.

जहाजावर बसून समुद्रातील जीव खावा ह्यात मोठेसे नवल नाही, असे आपणास वाटेल. तथापि थोडा विचार केला की नवल दिसू लागते. त्या रात्री जहाजाच्या तळाखाली दोन मैलांहून अधिक खोल पाणी होते, आणि त्या पाण्यात असे कालव एकही नव्हते. कालव हा खोल समुद्राचा रहिवासीच नव्हे. खाडीच्या मुखाशी, जेथे गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, भरतीस बुडते आणि ओहोटीस उघडे पडते, अशा उथळ जागी खडकाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला चिकटून ते जन्म काढते. म्हणजे महासागराच्या मध्यावर बसून त्या प्रवाशाने जे खाल्ले ते मागे टाकलेल्या किनाऱ्याचे होते. त्या किनाऱ्यावरील गावे, त्यांची गटारे आणि त्यांच्या नगरपालिका ह्यांचाही अंश त्या शिंपल्यात होता. जहाजावरील ह्या पदार्थाचा इतिहास सांगावयाचा तर तो किनाऱ्यावरूनच सांगितला पाहिजे.

कोकणातील श्रोत्यांना कालवांची ओळख करून देण्याचे कारण नाही. सुकतीच्या वेळी खडपावर बसून कोयतीच्या टोकाने कालवे फोडणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या असतात. पण आपल्याकडे ती कच्ची खाण्याची रीत नाही. कांदा, खोबरे, तिरफळ किंवा आमसूल घालून ती शिजतात, आणि आपण त्यास चवीचा प्रश्न समजतो. तो केवळ चवीचा नव्हता, हे पुढे दिसेल.

आगबोटी अटलांटिक ओलांडू लागल्या तेव्हा त्यांवरील जेवण काही हेवा करावे असे नव्हते. क्यूनार्ड कंपनीची 'ब्रिटानिया' १८४० साली सुरू झाली. तिच्यावर ताज्या दुधासाठी एक गाय बाळगीत असत. १८४२ च्या जानेवारीत चार्ल्स डिकन्स ह्याच बोटीने अमेरिकेस गेला आणि तेथील खाण्यापिण्याविषयी व स्वतःच्या मळमळीविषयी त्याने जे लिहून ठेवले आहे, ते वाचून कोणाचीही भूक वाढण्याचा संभव नाही. बर्फाची कोठी नसलेल्या जहाजावर मांस टिकवावयाचे तर ते खारवावे लागे, नाहीतर जिवंत न्यावे लागे. ह्या अडचणीत कालवांचे एक मोठे सोयीचे होते. घट्ट मिटलेले कालव शिंपल्यात थोडे समुद्राचे पाणी धरून ठेवते आणि गार, ओलसर जागी ठेवल्यास कित्येक दिवस जिवंत राहते. पिंपात नीट रचून भरले की ते आपली राखण आपणच करी. स्वयंपाक्याने उघडीपर्यंत ते मरत नसे, म्हणून नासतही नसे.

सगळ्याच कवचधारी जिवांना हे साधत नाही. कोळंबी पाण्याबाहेर काढली की लवकर मरते आणि त्याहून लवकर बिघडते. तिच्यासाठी इंग्रजांनी निराळा उपाय काढला होता. मोरकॅम उपसागरातील लहान तपकिरी कोळंबी उकडून, सोलून, जायपत्री घातलेल्या लोण्यात बुडवून ते लहान बरण्यांत भरीत. वर लोण्याचा थर थिजला की हवा आत जात नसे. 'टायटॅनिक'च्या त्याच दिवशीच्या दुपारच्या पत्रिकेत थंड पदार्थांच्या यादीत अशी बरणीतली कोळंबी आहे. आपल्या बायका वैशाखाच्या उन्हात सोडे वाळवितात त्यामागील बुद्धी हीच. तेथे ऊन नव्हते आणि लोणी मुबलक होते, इतकाच भेद.

पुढे बर्फ आले, शीतकोठ्या आल्या, आणि कंपन्यांच्या ध्यानात आले की अमीर प्रवाशाला आपण जहाजावर आहोत ह्याचा विसर पाडणे हा मोठा किफायतशीर धंदा आहे. हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीनने १८९१ च्या जानेवारीत 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट कोठेही पोहोचविण्यासाठी नव्हे तर केवळ विहारासाठी भूमध्य समुद्रात नेली. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ही युक्ती. १९०५ साली ह्याच कंपनीच्या 'अमेरिका' बोटीवर रिट्झच्या नावाचे स्वतंत्र उपाहारगृह निघाले. लंडन-पॅरिसच्या हॉटेलात जे मिळते ते येथेही मिळाले पाहिजे, हा आता नियमच झाला. मग शेवंडीही आल्या. शेवंड, मलई आणि मद्य ह्यांच्या 'लॉबस्टर न्यूबर्ग' नावाच्या पदार्थाविषयी तर अशी आख्यायिका आहे की, वेनबर्ग नावाच्या एका जहाजी व्यापाऱ्याने तो न्यूयॉर्कच्या डेलमॉनिको उपाहारगृहास शिकविला आणि पुढे भांडण झाल्यावर मालकाने त्याच्या नावातील अक्षरे उलटीपालटी करून टाकली. खरे असो वा नसो, मत्सराने पाकशास्त्रात भर घातल्याचे हे उदाहरण मला आवडते.

पण कालवांचा मान वेगळाच राहिला. 'टायटॅनिक'च्या त्याच रात्रीच्या दुसऱ्या वर्गाच्या पत्रिकेत हॅडक मासा आहे, कोंबडीची करी आणि भातही आहे, कालवे नाहीत. तिसऱ्या वर्गाला त्या दिवशी सकाळी ओटची लापशी व धुरी दिलेले हेरिंग, आणि रात्री पेज, बिस्किटे व चीज. कालव कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते ह्यावरून जहाजाचे मजले सांगता आले असते.

आता दहा वर्षे मागे जाऊ. 'टायटॅनिक' ज्या साउदॅम्प्टन बंदरातून निघाले, त्याच शहरी १० नोव्हेंबर १९०२ रोजी नगराध्यक्षांची मेजवानी झाली. त्याच दिवशी जवळच्या विंचेस्टर शहरीही तशीच मेजवानी होती. दोन्हीकडे कालवे होती, आणि दोन्हीकडची कालवे हँपशर परगण्यातील एम्सवर्थ ह्या एकाच लहान बंदरातून आलेली होती. पाहुणे घरोघर गेले. काहींना लागलीच उलट्या-जुलाब झाले, आणि पुढील आठवड्यांत काहींना विषमज्वराने गाठले. काही दगावले, त्यांत विंचेस्टरचे डीन विल्यम स्टीफन्स हे होते. ते डिसेंबरात वारले.

चौकशी झाली आणि दोष एम्सवर्थच्या पाण्यात सापडला. त्या गावाने नवी गटारे बांधली होती आणि त्यांचे तोंड कालवांच्या कुंडांजवळच खाडीत सोडले होते. नगर स्वच्छ झाले. घाण केवळ दृष्टीआड गेली. कालवाची खाण्याची रीत अशी की ते पाणी सतत आत ओढते, त्यातील सूक्ष्म कण गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. अनुकूल स्थितीत एक मोठे कालव दिवसाकाठी शंभराहून अधिक लिटर पाणी असे गाळते. पाण्यात जे जंतू विरळ असतात ते त्याच्या देहात दाट होतात. आणि माशाचे पोट साफ करून आपण तो खातो, तसे कालवाचे करता येत नाही. ते आतड्यासह, कच्चे, एका घोटात गिळले जाते. आमच्या कोकणातील चूल ह्या ठिकाणी पाश्चात्त्य पाककलेहून शहाणी ठरली असे म्हणता येईल. पण ते जाणून ठरली असा दावा मी करणार नाही.

एम्सवर्थचा धंदा ह्या प्रकारानंतर कोसळला. तेथील कालवांचा प्रमुख व्यापारी फॉस्टर ह्याने 'एको' नावाचे मोठे जहाज बांधून घेतले होते, आणि आता त्याच्या मालाला कोणी हात लावीना. त्याने स्थानिक नगरमंडळावर फिर्याद केली. आपली कुंडे मंडळाने घाण केली, हा त्याचा दावा. त्या खाडीवर तुझी मालकी कोठे सिद्ध आहे, हा प्रतिवाद. १९०६ साली अपील न्यायालयाने फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला : मालकीचा पुरावा नसला तरी ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्यास उपद्रवाविरुद्ध दाद मागता येते. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अजून वाचतात. गेलेला धंदा मात्र निकालाने परत आला नाही.

येथे एक प्रश्न साहजिक उद्भवतो. नगराध्यक्षांच्या दोन मेजवान्या बोलल्या, मग इतक्या वर्षांत शेकडो जहाजांवर वाढलेल्या कालवांविषयी एवढी शांतता का? माझ्या मते ह्याचे उत्तर पंचांगात आहे. विषमज्वर अंगात शिरल्यावर प्रकट व्हावयास बहुधा एक ते तीन आठवडे घेतो. आणि जलद आगबोट अटलांटिक सहा-सात दिवसांत ओलांडी. प्रवासी धक्क्यावर धडधाकट उतरे. पंधरा दिवसांनी तो शिकागोत किंवा मिलानमध्ये अंथरुणास खिळला, तर त्याचा वैद्य तेथील विहिरीचा आणि दुधाचा विचार करी. विसरलेल्या त्या अर्ध्या डझन शिंपल्यांचा कोण करणार? साउदॅम्प्टनचे पाहुणे एकाच शहरात राहात होते म्हणून त्यांची मोजदाद झाली. जहाजाचे पाहुणे वाऱ्यावर पांगत. निर्दोष दिसणे आणि निर्दोष असणे ह्यांत अंतर असते, ते असे.

ह्या मेजांशी आपल्या माणसांचा संबंध होता तो वाढणाऱ्यांच्या बाजूने. पी. अँड ओ. कंपनीच्या पूर्वेकडील जहाजांवर भोजनगृहातील वाढपी आणि स्वयंपाकघरातील माणसे बहुतांशी गोमंतकीय असत. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' असत. बोट मिळेपर्यंत ते तेथे राहात. घरी खोबरे घातलेल्या तिसऱ्यांवर वाढलेल्या ह्या माणसांनी पांढरे हातमोजे घालून साहेबांना कोणकोणते शिंपले वाढले असतील, त्याची बखर कोणी लिहिली नाही.

शेवटी नियम आले ते अमेरिकेतून, आणि तेही मृत्यूनंतर. १९२४-२५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो व वॉशिंग्टन ह्या शहरांत विषमज्वर उसळला. सुमारे १,५०० माणसे आजारी पडली आणि सुमारे १५० मेली. माग काढता काढता तो लाँग आयलंडच्या कालवांपाशी पोहोचला. लोकांनी कालवे खाणे टाकले, तेव्हा खुद्द व्यापारीच सरकारकडे नियम मागावयास आले. १९२५ पासून जी व्यवस्था उभी राहिली तिचा गाभा फार साधा आहे : कालवांपेक्षा आधी पाण्याची परीक्षा करावयाची, आणि प्रत्येक पोत्यास किंवा पेटीस ती कोणत्या पाण्यातून, कोणत्या दिवशी, कोणी काढली ह्याची चिठ्ठी बांधावयाची. पोते संपले तरी चिठ्ठी टाकावयाची नाही. ती ९० दिवस जपून ठेवावयाची. अमेरिकेच्या बंदरांस लागणाऱ्या विहारनौकांच्या स्वयंपाकघरांनाही हा दंडक लागू आहे. रोग उशिरा प्रकटतो हे ओळखून केलेला हा नियम आहे. जे एकेकाळी पांगून जाई ते आता दोऱ्याने बांधलेले असते.

२००४ च्या जुलैत ही व्यवस्था एका जहाजावर कसाला लागली. अलास्काच्या प्रिन्स विल्यम उपसागरात फिरणाऱ्या एका विहारनौकेवर तेथल्याच एका शेतातील कालवे कच्ची वाढली गेली. इंग्रजी नावात 'र' नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालवे खाऊ नयेत असा युरोपचा जुना संकेत आहे. ('टायटॅनिक'चा एप्रिल त्यात शेवटचाच बसला होता.) पण अलास्काचे पाणी इतके थंड की तेथे कालवांची वीणही होत नाही, बी बाहेरून आणावे लागते, तेथे उन्हाळ्याचे भय कोण धरणार? ह्या खेपेस रोग विषमज्वराप्रमाणे आठवडे थांबणारा नव्हता. जपानात फुजिनो ह्यांनी १९५० साली प्रथम ओळखलेला, पटकीच्या जंतूंच्या गोत्रातील एक समुद्री जंतू ह्याच्या मुळाशी होता आणि तो बहुधा दिवसभरातच आपला प्रताप दाखवितो. त्याला गटाराची गरज नाही, पाण्याची ऊब पुरते. नौकेवरील १८९ प्रवाशांपैकी १३२ जणांना आरोग्यखात्याने गाठून काय काय खाल्ले ते विचारले. ज्यांनी कच्ची कालवे खाल्ली होती त्यांच्यातील २९ टक्के आजारी पडले होते.

माग शेतापर्यंत गेला, आणि शेताजवळ पाण्याच्या उष्णतेच्या नोंदी होत्या. १९९७ पासून तेथील जुलै-ऑगस्टचे पाणी वर्षाला सरासरी ०.२१ अंशाने तापत आले होते. २००४ हे पहिले असे वर्ष की त्या दोन महिन्यांत पाण्याची दैनिक सरासरी एकदाही १५ अंश सेल्सियसच्या खाली उतरली नाही. ह्या जंतूने रोग घडविणारी कालवे तोपर्यंत जेथवर आढळली होती, त्याच्या उत्तरेस हे शेत १,००० किलोमीटरवर होते.